‘हासेकी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ऑटोमन इतिहासाविषयीच्या मराठी लेखनात सुलतान पहिला सुलेमान याच्या हुर्रेमचा उल्लेख कोठे ‘राणी’, कोठे ‘बेगम’, तर कोठे चक्क ‘रखेल’ असा केलेला आढळतो. मूळ तुर्की पदवी ‘हासेकी सुलतान’ अशी आहे. तिचा नेमका अर्थ काय, आणि मराठीत कोणता शब्द वापरणे उचित ठरेल?

उत्तर : ‘हासेकी’ हा शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. अरबी ‘खास’ला फारसी प्रत्यय लागून ‘खासगी’ हा शब्द झाला. राजाच्या निकटचे, केवळ त्याच्याशी संबंधित असलेले, असा त्याचा अर्थ. तोच शब्द तुर्कीत ‘हासेकी’ झाला आणि मराठीत ‘खासगी’ म्हणूनच राहिला. होळकरांच्या दौलतीत राजस्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नाला ‘खासगी’ म्हणत. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना 1734 मध्ये पेशव्यांकडून अशी खासगी जहागीर मिळाली होती. इस्तंबूलमध्ये मात्र हा शब्द उत्पन्नाला न लागता माणसांना लागला. राजवाड्यातील काही सैनिकी अधिकाऱ्यांनाही ‘हासेकी’ म्हणत असत, आणि सोळाव्या शतकात ती सुलतानाच्या सर्वांत निकटच्या स्त्रीची पदवी झाली.

आता ‘राणी’विषयी. मराठीत राणी म्हटले की राजाशी रीतसर लग्न झालेली, बहुधा एखाद्या राजघराण्यातून आलेली स्त्री डोळ्यांसमोर येते. ऑटोमन घराण्याच्या आरंभीच्या काळात असे विवाह होत असत. ओरहानने 1346 मध्ये बायझंटाइन राजकन्या थिओडोरा हिच्याशी लग्न केले, तर दुसऱ्या मुरादची पत्नी मारा ही सर्बियाच्या राज्यकर्त्याची कन्या होती. त्या स्त्रियांना राणी म्हणण्यास हरकत नाही. पुढे मात्र सुलतानांनी राजघराण्यांशी सोयरीक करणे जवळजवळ थांबवले आणि वंश चालवण्यासाठी जनानखान्यातील गुलाम स्त्रियांवरच भिस्त ठेवली. अशा स्त्रीला तुर्कीत ‘जारिये’ म्हणत. पत्नीबरोबर तिचे माहेरही दरबारात येते आणि त्या माहेराचे हितसंबंध सुरू होतात. जारियेच्या पाठीशी असे कोणतेच घराणे नसे.

हुर्रेमही अशीच आली. ती रुथेनियातील, म्हणजे त्या काळी पोलंडच्या राजाच्या अमलाखाली असलेल्या आणि आज युक्रेनमध्ये मोडणाऱ्या प्रदेशातील. तिला धरून नेऊन गुलाम म्हणून विकण्यात आले. युरोपीय वकिलांनी तिला दिलेल्या ‘रोक्सेलाना’ या नावाचा अर्थ ‘रुथेनियाची बाई’ एवढाच होतो. ‘हुर्रेम’ हे राजवाड्यातील नाव. शाहजहानचे मूळ नाव ‘खुर्रम’ हा तोच फारसी शब्द, अर्थ आनंदी. सुलेमान 1520 मध्ये गादीवर आला आणि 1521 मध्ये हुर्रेमला पहिला मुलगा झाला. तोवरच्या रिवाजाप्रमाणे मुलगा झाल्यावर त्या स्त्रीला सुलतानापासून दुसरा मुलगा होऊ दिला जात नसे, आणि मुलगा मोठा होऊन प्रांतावर गेला की आई त्याच्याबरोबर जाई. सुलेमानच्या मुस्तफा या मुलाची आई माहिदेवरान अशीच मुलासोबत मानिसा प्रांतात गेली. हुर्रेमला मात्र एकामागून एक मुलगे झाले, पुढे ते प्रांतांवर गेल्यानंतरही ती राजधानीतच राहिली. त्याआधी, 1534 च्या सुमारास सुलेमानने तिला गुलामगिरीतून मुक्त करून तिच्याशी विवाह केला. समकालीनांना याचा मोठा धक्का बसला होता.

म्हणून ‘रखेल’ हा शब्द मला सर्वथा अयोग्य वाटतो. मराठीत त्याला चोरट्या, समाजबाह्य संबंधाचा वास आहे, आणि हुर्रेमच्या स्थानाला तो मुळीच लागू पडत नाही. तिला दररोज 2000 आक्चे (ऑटोमनांचे चांदीचे नाणे) इतका तनखा होता. इस्तंबूलमध्ये वास्तुविशारद मिमार सिनानने तिच्या नावे बांधलेल्या मशीद-संकुलाचा परिसर आजही ‘हासेकी’ याच नावाने ओळखला जातो; जेरुसलेममध्ये 1552 मध्ये तिने गरिबांसाठी अन्नछत्र स्थापले; पोलंडचा नवा राजा दुसरा सिगिस्मंड ऑगस्टस याला 1548 मध्ये तिने राज्यारोहणाच्या अभिनंदनाचे पत्र स्वतःच्या नावाने धाडले.

त्यावर शंका : मग आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांतील ‘बटीक’, ‘कुणबीण’, ‘नाटकशाळा’ यांपैकी एखादा शब्द, निदान विवाहापूर्वीच्या काळासाठी, चालणार नाही का?

उत्तर : ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ हे शब्द गुलामगिरीचे वास्तव लपवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे, आणि म्हणूनच ‘दासी’ या गुळगुळीत शब्दापेक्षा मला ते अधिक प्रामाणिक वाटतात. अडचण येते ती संततीच्या बाबतीत. मराठीत कुणबिणीच्या मुलाला ‘लेकवळा’ म्हणत आणि औरस मुलाच्या तुलनेत त्याचा दर्जा उणा असे. इस्लामी कायद्याप्रमाणे मालकाने आपले म्हणून स्वीकारलेले जारियेचे मूल जन्मतःच स्वतंत्र आणि औरस ठरते. आईला त्यानंतर विकता येत नाही आणि मालकाच्या मृत्यूनंतर ती मुक्त होते. हुर्रेमचा मुलगा दुसरा सेलीम 1566 मध्ये सुलतान झाला, तेव्हा त्याच्या आईच्या पूर्वाश्रमावरून त्याच्या हक्काला बाध आला नाही. ‘कुणबीण’ हा शब्द योजला की मराठी वाचक नकळत ‘लेकवळा’ही गृहीत धरतो, आणि तेथे अर्थाचा अनर्थ होतो. ‘नाटकशाळे’त तर नाचगाण्याचा संबंध येतो, तो शब्द बाजूलाच ठेवावा.

माझ्या मते विवाहापूर्वीसाठी ‘गुलाम स्त्री’ असे सरळ लिहावे, विवाहानंतर ‘पत्नी’ म्हणावे, आणि पदवी सांगायची असेल तेथे ‘हासेकी’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी तो उलगडून सांगावा. ‘बेगम’मुळे वाचक मोगल दरबारात जाऊन पोहोचतो, म्हणून तो टाळलेला बरा.

दोन गोष्टींची पुस्ती जोडतो. ‘हासेकी’ आणि ‘वालिदे सुलतान’ यांची गल्लत फार होते. वालिदे म्हणजे आई. गादीवर असलेल्या सुलतानाच्या आईची ही पदवी, आणि जनानखान्यात तिचे स्थान सर्वांत वरचे. हुर्रेम 1558 मध्ये, सेलीम गादीवर येण्यापूर्वीच वारली, त्यामुळे ती कधीही वालिदे झाली नाही. उलट क्योसेम ही पहिल्या अहमदची हासेकी होती आणि पुढे चौथा मुराद व इब्राहिम या दोन मुलांच्या राजवटींत वालिदे होती. तिच्याविषयी लिहिताना कोणत्या वर्षाची गोष्ट चालली आहे हे पाहूनच पदवी निवडावी लागते. सतराव्या शतकानंतर ‘हासेकी’ मागे पडून ‘कादिन’ ही पदवी रूढ झाली, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘खातून’चेच तुर्की रूप. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील सुलतानाच्या स्त्रीला हासेकी म्हणणे चूक ठरेल.

दुसरी गोष्ट ‘सुलताना’ या रूपाची. ऑटोमन वापरात ‘सुलतान’ला वेगळे स्त्रीलिंगी रूप नाही; पुरुषाच्या नावाआधी आणि स्त्रीच्या नावानंतर तो शब्द येतो. ‘सुलतान सुलेमान’, पण ‘हुर्रेम सुलतान’ आणि तिची मुलगी ‘मिहरिमाह सुलतान’. ‘रझिया सुलतान’ हे रूप आपल्या कानांना सवयीचे आहेच, त्यामुळे येथे ‘आ’कार जोडण्याचे कारण उरत नाही.