गावाकडचं धान्य साठवायचं पेव, बळद, कणगी... कुणाला आठवतंय?

काळंरान: काल चुलतभावाने फोटो धाडला. अंगणात जेसीबीचं मागचं चाक कमरेएवढं खचलंय. पेव! धान्य ठेवायचा जमिनीतला खड्डा. आम्ही पोरं त्याच्यावर क्रिकेट खेळायचो. गाव मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीचं. काळ्या रानात पाणी मुरून राहतं, म्हणून पेवं गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीत. आतून कडबा लावायचा, तोंडावर फरशी, वर माती. आजा बजावायचा, उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. बंद पेवात दाणाच हवा खाऊन टाकतो. तुमच्याकडं कसं होतं? लिहा.

धुरळा: आमच्यात बळद. दोन भिंतींच्या मधे. माळवदावरून ओतायचं, खाली बोळा काढला की धार. लपाछपीत मी वरून आत उतरलो आणि रुतलो. आबांनी मला ओढून काढलं आणि आधी विचारलं, चपला घालून उतरलावतास का?

चहाटळ: म्हणजे 'पेव फुटणे' हे होय! मला इतकी वर्षं फटाक्यासारखं काहीतरी वाटायचं 😂

उकडातांदूळ: कणगी. बांबूची, शेणाने सारवलेली. आमची मांजर दरवर्षी तिच्याच मागे व्यायची. एकदा तर... थांबा, कुकर झाला.

सुगरणनाही: मालदांडी पुण्यात कुठे मिळेल? माझी भाकरी चिरते.

काळंरान: @सुगरणनाही पीठ जुनं असणार. उकळतं पाणी घालून मळ. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून कुठलीही ज्वारी त्या नावावर खपवतात, दाणा बघून घे.

जुनीखोड: चिरण्यावरून आठवलं. १९७२ च्या दुष्काळात सासूबाईंच्या गावी पेवं रिकामी. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. थापतानाच तुटायची म्हणे. दुष्काळात खायला वाटायचे त्या सुकडीचं नाव काढलं की मात्र अजून हसतात.

वाटसरू: पेवाच्या कडेची ज्वारी काळी पडायची, कुबट. ती वाड्यात कोण खायचं? सालगड्याला मापून द्यायचे. माझा आजोबा सालगडी. पुढं स्वतःच्या रानातली ताजी ज्वारी घरात आली, तरी म्हातारा म्हणायचा, हिला वासच नाही.

धुरळा: 🙏

काळंरान: @वाटसरू आमच्याकडंही असंच देत असणार. आज्याने हे कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चहाटळ: चाक निघालं का?

काळंरान: निघालं. जेसीबीवाला अडकलेल्या दोन तासांचंही भाडं मागतोय.

उकडातांदूळ: आले. हां, तर मांजर...