सात जन्म, सात भाऊ आणि मरणानंतरचा नवरा : ख्रिस्ती घरांतले अनुभव सांगा

वटपौर्णिमेला शेजारची काकू वडाला सूत गुंडाळून आली, माझ्या हातावर आंब्याची फोड ठेवली अन् म्हणाली, "तुमच्यात कसं व बाई? थोच नवरा पुन्हा मांगत नाही?" म्हटलं, आमच्यात जन्म एकच असते काकू. "बरं हाय," म्हणे, "सुटका हाय." दोघी हसलो. रात्री भांडी घासताना मात्र तेच डोक्यात. लग्नात आपण 'मरणाने वियोग होईपर्यंत' असं वचन देतो. वियोग झाल्यावर पुढं काय? विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांनी लिहा, मंडळी (चर्च) कोणतीही असो. प्रवचन नको, घरात काय घडलं ते हवं.

दारव्हा तालुक्यातून

मी बिजवराला दिलेली. पहिली बाळंतपणात गेली. तिची कबर नाल्याकाठी. सिमेंटचा क्रूस, त्यावर काळ्या ऑइलपेंटनं नाव आणि खाली 'प्रभूमध्ये निजली'. इस्टरच्या पहाटे आमची मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथं जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच इस्टरला हे खुरप्यानं तिच्या कबरीवरचं गवत काढत होते आणि मी मेणबत्तीला पदराचा आडोसा करून उभी. वारा होता, सारखी विझायची. मनात एकच : वर गेल्यावर हे कोणाजवळ उभे राहतील?

यांना कसं विचारणार? पाळकीणबाई घरी आल्या तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी बायबलमधला मत्तयाचा २२ वा अध्याय काढला. सदूकी नावाचे यहुदी लोक पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील हे, मानत नसत, ते येशूला पेचात धरायला येतात. सात भाऊ. थोरला निपुत्रिक मेला, मोशेच्या नियमाप्रमाणे त्याची बायको धाकट्यानं केली, तोही मेला, असे सातही गेले. शेवटी ती बाईही मेली. मग पुनरुत्थानात ती कोणाची? येशू सांगतो, तिथं कोणी लग्न करत नाही, करून देत नाही. सगळे स्वर्गातल्या दूतांसारखे असतात.

सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या आजीचा असाच दिरासंग मोहतूर (विधवेचं दुसरं लग्न) लागला. वावर घरात राहावं म्हणून. वर वावरच नाही, तं मोहतूर कायले लागते?"

इतकी प्रवचनं ऐकली, पण ते वचन मला सासूबाईंनी समजावलं. आता पहिलीच्या क्रूसाला दर इस्टरआधी रंग मीच मारते.

वाशीमकडून

मला ते मत्तयाचं वचन आवडत नाही. वय ७४, आता खोटं कशाला बोलू. आमची ही मिशन दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून आली की पहिला चहा माझ्या हातचा, साखर अर्धा चमचा. ४१ वर्षं हेच. दूतांसारखे होऊ म्हणता, होऊ. पण तिची साखर कोणाच्या ध्यानात राहील?

पास्टरांपाशी बोललो. ते म्हणाले, लग्न राहणार नाही असं लिहिलंय, ओळख राहणार नाही असं कुठंच नाही. योहानाचा २० वा अध्याय वाचा म्हणाले. थडग्यापाशी मग्दालीया मरीयेला येशू आधी माळी वाटतो. त्यानं नावानं हाक मारली तेव्हा ओळखते. म्हटलं, जमते. हाक मारीन.

मूर्तिजापूरजवळून

नवरा गेला तेव्हा मी २९ ची. गल्लीतल्या बाया बांगड्या फोडायला आल्या, पाळकांनी दारातच थांबवलं. चार वर्षांनी दुसरं स्थळ आलं तेव्हा सासरचे अडून बसले. पंचांनी पौलाची पत्रं वाचून दाखवली : रोमकरांस ७, करिंथकरांस पहिलं ७. नवरा जिवंत आहे तोवर बायको बांधलेली, तो मेल्यावर मोकळी. फक्त प्रभूमध्ये, म्हणजे ख्रिस्ती माणसाशी, लग्न करावं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. लग्नाला मात्र सासरचं एक माणूस आलं नाही. आमेन म्हणायला पैसे पडत नाहीत.

चांदूर बाजारकडून

मी कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी आईच्या नावानं मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) लावतो. स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा आधार होतो, ही आमची श्रद्धा. बायकोचं म्हणणं, "गेलेलं माणूस प्रभूच्या हाती, आता काय अर्ज करता?" लग्न मरणापर्यंतच, यावर दोघांचं एकमत, बाकी वाद चालू. पण त्या दिवशी कबरीवर ठेवायला झेंडूची फुलं तीच तोडून देते. विचारलं तर म्हणते, फुलं जिवंतांसाठी असतात.

धागा काढणारी

काकूला सात भावांची गोष्ट सांगितली. डोळे मोठे करून ऐकत बसली. "माय व! सात नवरे? अन् म्या सात जन्म मांगून थो एकच!" मग घोटभर चहा पिऊन, "पुढच्या साली इचार करून सूत गुंडाळीन."