इंग्लंडच्या खेड्यात निवृत्ती : दिवसभर करता काय?

स्लाव, अजून कुंपणावर

लोकहो, चौतीस वर्षं स्लावमध्ये काढली. विमानांच्या आवाजात झोपायची इतकी सवय झालीय की एखादी रात्र शांत गेली तर जाग येते. आता दोघांच्याही नोकऱ्या संपल्या आणि ह्यांच्या डोक्यात हेरफर्डशायरचं खूळ शिरलंय. घर पाहूनही आलो. मागे सफरचंदाची पाच झाडं, पुढे मेंढ्या, इंटरनेट रडतखडत. हे म्हणतात, वानप्रस्थाश्रम. मी म्हणते, पुराणातल्या वानप्रस्थात निदान चूल पेटवायला शिष्य तरी असायचे.

सगळे जण फोटो दाखवतात ते जूनमधले. मला फेब्रुवारीचं विचारायचंय. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, दुपारी चार वाजता तुम्ही नेमकं काय करत असता? खेड्यात राहिलेल्यांनी लिहा, आणि राहून पळून आलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

लिंकनशायर, निवृत्त भूलतज्ज्ञ

फेब्रुवारीत चार वाजता मी बटाट्यांकडे बघत बसलेला असतो. विनोद नाही. लवकरच्या जातीचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात डोळे वर करून खिडकीत मांडायचे, कोंब फुटू द्यायचे आणि गुड फ्रायडेच्या आसपास जमिनीत घालायचे. आयुष्यभर माणसांना झोपवलं, आता बटाटे उठवतो.

गावाबाहेर माझा अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा, प्लॉट आहे. जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठे. बाबांची जमीन मी विकली ती मोजून नऊ एकर, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आणि या भाड्याच्या अडीच गुंठ्यांच्या बांधावरून शेजाऱ्याशी वाद घालतो. (तुमच्या गावात प्लॉट नसले तर १९०८ चा कायदा लक्षात ठेवा. सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली की कौन्सिलला विचार करावाच लागतो.)

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आधीच्या माणसाने रुबार्बचे तीन गड्डे तसेच सोडले होते. मे महिन्यात त्याला सुपाएवढी पानं आली, लालसर देठांची. मी हिला फोन केला, "अगं, अळू मिळालं!" पंधरा-वीस पानं कापून नीट एकावर एक रचली. शेजारच्या प्लॉटवर एक ऐंशीचे म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर बीट आणि बटाटे पिकवलेले. त्यांनी विचारलं, पानं कशाला? मी सगळी कृती सांगितली : चिंचगूळ घातलेलं बेसन लावायचं, गुंडाळायचं, वाफवायचं, तळायचं. त्यांनी हातातला थर्मास हळूच खाली ठेवला. "डॉक्टर," म्हणाले, "खायचे देठ. पानं विषारी." ऑक्झॅलिक आम्ल! हे मला, एमडी माणसाला, कुणीतरी सांगावं लागलं.

मग देठांची आमटी केली, आमसुलाऐवजी. उत्तम होते. डबाभर त्यांना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, वर एक वाक्य : चांगली होती, पण सोबतचं कस्टर्ड द्यायला विसरलात.

नॉर्थ डेव्हन, क्रिकेटवाला

भूलतज्ज्ञ साहेब, बरं झालं ती वडी झाली नाही.

मी बसच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं. इथे आलो तेव्हा गुडघे गेलेले. गावच्या मैदानाबाहेर गाडीत बसून मॅच बघायचो. तिसऱ्या शनिवारी एक जण काचेवर टकटक करून म्हणाला, नुसताच बघतोयस तर लिहून तरी काढ. तेव्हापासून नऊ वर्षं वही माझ्याकडे आहे.

स्कोअरर दोन असतात, प्रत्येक संघाचा एक. शेजारी बसायचं आणि षटक संपलं की आकडे ताडून बघायचे. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढतात. त्यातच विकेट पडली असेल तर डब्ल्यू. पण मला सगळ्यात आवडते ती पोच. अंपायरने चौकाराची, बायची, वाइडची खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची, आणि ती मिळेपर्यंत अंपायरने खेळ पुढे न्यायचा नाही, असा नियमच आहे. म्हणजे घडीभर सगळं मैदान माझ्यासाठी थांबतं. नोकरीत माझ्यासाठी लिफ्टसुद्धा कुणी थांबवली नव्हती.

धावसंख्या १११ झाली की पॅव्हेलियनमधले म्हातारे एक पाय उचलतात. डेव्हिड शेपर्ड हे अंपायर कसोटीतही उचलायचे, टीव्हीवर बघितलं असेल. ते डेव्हनचेच, त्यामुळे इथे ती अंधश्रद्धा नाही, परंपरा आहे. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की थांबतात, तसंच. फक्त टाळ्या वाजतात.

चहाच्या टेबलावर काकडीचे सँडविच, व्हिक्टोरिया स्पंज आणि गेली सहा वर्षं बटाटेवडे. एकदा पाहुण्या संघाने चहानंतर तीन सोपे झेल सोडले. आमच्या कॅप्टनने सामनावीराची बाटली माझ्या बायकोला दिली.

फेब्रुवारीत? स्कोअरबोर्डचे पत्र्याचे आकडे घरी आणून रंगवतो. ६ आणि ९ साठी एकच पत्रा, उलटा टांगायचा.

डर्बीशायर

आम्ही फार काही करत नाही बुवा. दाणे घालतो, पक्षी बघतो. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारकडे आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेची बागेतल्या पक्ष्यांची मोजणी असते, १९७९ पासून चालू आहे. तासभर खिडकीत बसायचं. आलेले सगळे मोजायचे नाहीत, एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढेच लिहायचे, नाहीतर तोच रॉबिन दहा वेळा मोजला जातो. आमचे हे दहा वेळाच मोजतात. चिमण्या चौदा होत्या यंदा.

लेस्टर (आधी श्रॉपशायर)

पळून आलेल्यांना बोलावलंत म्हणून लिहिते.

सहा वर्षं राहिलो. गाव सुंदरच होतं, माणसं चांगली. पण घर घेताना आम्ही छप्पर तपासलं, ओल तपासली, बसचं वेळापत्रक नाही तपासलं. ज्येष्ठांचा बसपास इंग्लंडभर चालतो, पण आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. आमच्या गावची बस मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ वीसला. ड्रायव्हर लोक आमच्यासारख्यांना गमतीने 'ट्वर्ली' म्हणतात, कारण प्रत्येक म्हातारी दारात उभी राहून विचारते, "टू अर्ली?" दहा मिनिटांसाठी दर वेळी पूर्ण तिकीट. पैशांचं दुःख नाही हो, पास हातात असताना पैसे द्यायचं दुःख.

तोवर गाडी होती म्हणून हसत होतो. मग ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. सत्तरीनंतर लायसन्स दर तीन वर्षांनी नव्याने काढावं लागतं आणि आपल्याला नीट दिसतं असं स्वतःच लिहून द्यावं लागतं. ह्यांनी नाही लिहून दिलं. फॉर्म टेबलावर तसाच ठेवला आणि म्हणाले, लेस्टरला घर बघू. मी गाडी चालवायला कधी शिकलेच नव्हते, ती चूक माझी.

तुमची काळजी वाटते म्हणून नव्हे, पण शिकून घ्या. आणि हिवाळ्यात घर तापवायच्या तेलाची टाकी संपली की लॉरी येईपर्यंत दोन स्वेटर घालून बसायचं असतं, गॅसची लाइन गावात नसते.

आठवण येते ती एकाच गोष्टीची. चौकातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये पुस्तकांची कपाटं होती, त्यांची झाडलोट माझ्याकडे होती. कुणीतरी दर महिन्याला त्यात एक मराठी दिवाळी अंक ठेवायचं. गावात मराठी आम्ही दोघंच. म्हणजे ते कोण ठेवत होतं, ते मला येतानाच कळलं. हे.

यॉर्कशायर डेल्स, कोल्हापूरकर

वरचं वाचून जरा थांबलो, मग लिहायला घेतलं.

माझं काम चालणं. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी नकाशा घ्यायचा, १:२५,०००, त्यातली हिरवी तुटक रेघ धरायची आणि निघायचं. ती रेघ कुणाच्याही कुरणातून, कधी कधी थेट घराच्या अंगणातून जाते, आणि तिथून जायचा हक्क कायद्याचा आहे. शेतकरी वर हात करतो. आमच्याकडं कुणाच्या उसातनं असं निवांत चाललो असतो तर हात वर झाला असता, पण हातात काय असतं ते सांगत नाही. फाटक उघडं असलं तर उघडं ठेवायचं, बंद असलं तर बंद करायचं. एवढंच पाळलं की गावात इज्जत राहते.

लोक विचारतात, कोल्हापूरला परत का जात नाही? खरं सांगू, हिशेब. भारतात स्थायिक झालं की इथली सरकारी पेन्शन त्या दिवसाच्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. पंचवीस वर्षं जगायचं ठरवलं असेल तर ते परवडत नाही. आणि मी ठरवलंय. तांबडा-पांढरा घरीच करतो; स्वेलडेलच्या मेंढीचा रस्सा काय होतो, ते या आणि बघा.

फेब्रुवारीत चार वाजता मी चिखलाचे बूट खरवडत असतो.

नॉटिंगहॅमशायर, साउथवेलजवळ

सफरचंदाची झाडं आहेत म्हणालात. त्यातलं एखादं ब्रॅम्लीचं आहे का बघा. हिरवं, ओबडधोबड, कच्चं खाल्लं तर दात आंबतात. ते मूळचं आमच्या साउथवेलचं. मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये बिया पेरल्या, आणि नाव मात्र पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली खाटकाचं लागलं. बायकांनी पेरायचं आणि नाव कुणाचं लागायचं, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

ब्रॅम्लीचा मेथांबा कैरीच्या तोंडात मारेल असा होतो. गावच्या सप्टेंबरच्या प्रदर्शनात 'चटणी' या वर्गात मी तो ठेवला. पहिल्या वर्षी बाद! चवीमुळे नाही, बरणीच्या झाकणावर लोणच्याच्या कंपनीचं नाव होतं म्हणून. दुसऱ्या वर्षी कोरं झाकण, तर परीक्षकबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं : 'बिया काढायच्या राहिल्या आहेत.' मेथ्या हो! तिसऱ्या वर्षी मी बरणीला मेथ्या म्हणजे काय हे सांगणारी चिठ्ठी लावली आणि दुसरा नंबर आला. पहिला नंबर ज्यांना मिळतो त्या बाईंची कांद्याची चटणी मी विकत आणून खाल्ली आहे. असो.

सफक, एकटी

मंगळवार विचारलात म्हणून हसू आलं. मंगळवार आमचा घंटेच्या सरावाचा.

मी सदाशिव पेठेतली, गणिताची शिक्षिका. हे गेले त्याला तीन महिने झाले होते. २०२३ मध्ये राज्याभिषेकासाठी देशभर घंटा वाजवणारे कमी पडत होते, आमच्या चर्चच्या फाटकावरही कागद लागला : माणसं हवीत, धर्माची अट नाही. गेले. पुण्यात देवळात शिरताना घंटा वाजवायला कुणी शिकवलं नव्हतं. इथे एकटीने दोर धरायची परवानगी मिळायला दोन महिने लागले. घंटा आधी तोंड वर करून उभी करतात आणि दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते. दोराला लोकरीची रंगीत मूठ असते, तिला सॅली म्हणतात. ती वेळेवर सोडली नाही तर घंटा माणसाला वर नेते. मला एकदा वीतभर नेलंय.

सूर-ताल काही नाही. आकडे आहेत. सहा घंटा, प्रत्येक ओळीत क्रम बदलायचा आणि एकदा आलेली ओळ पुन्हा आणायची नाही. सहाच्या मांडण्या ७२०. शाळेत मी फळ्यावर शिकवत असे ते इथे कानाने आणि खांद्याने करायचं. माझी मजल अजून पाच घंटांच्या १२० पर्यंत आहे, त्यातही ऐंशीच्या पुढे कुणीतरी डोळ्यांनी खुणावावं लागतं. पाढे घोकल्यासारखी मी स्वयंपाक करताना क्रम म्हणते.

माझ्या नवऱ्याबद्दल त्या मनोऱ्यात मला कुणीच काही विचारलं नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग एका मंगळवारी पावसाने कंटाळून मी घरीच बसले, तर सात पस्तीसला फोन वाजला : "चौथ्या घंटेला माणूस नाही." तशीच ओला कोट चढवून निघाले.

दुपारी चार वाजता मी मुगाची खिचडी लावून ठेवते. पोट भरलेलं असलं की जिना चढवत नाही, म्हणून लवकर जेवते.

स्लाव, अजून कुंपणावरच

सगळ्यांचे आभार. हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. त्या घराच्या बसचं वेळापत्रक काढलं : सोमवार ते शनिवार, पहिली बस नऊ एक्केचाळीसला. हे विजयी मुद्रेने बघतायत. लेस्टरच्या ताई, मी काल ड्रायव्हिंगच्या पहिल्या धड्याची वेळ घेतली. वय चौसष्ट, शिकवणारा पोरगा बावीसचा.

भूलतज्ज्ञ साहेब, त्या रुबार्बच्या आमटीत गूळ किती घालायचा?

लिंकनशायर, निवृत्त भूलतज्ज्ञ

दोन देठांना लिंबाएवढा. रुबार्ब चांगलाच आंबट असतो, हात आखडू नका. हिंग-मोहरीची फोडणी आधी, देठ शेवटी, नाहीतर विरघळून जातात. आणि पानं कंपोस्टमध्ये.