मदत हवी: खरं पाखरू गिळणारा मासा माझ्या फ्लायजवळ येऊन परत का फिरतो?

मंडळी, नमस्कार. मी खानापूरचा. मलप्रभेच्या काठावर गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यावर गळ टाकत मोठा झालो. गेल्या वर्षी मावसभावानं जुना फ्लाय रॉड दिला, तेव्हापासून गांडुळाला हात लावलेला नाही. फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेलं खोटं पाखरू, घरीच बांधतो. १४ नंबरचा गळ, शिलाईचा तपकिरी दोरा, गावठी कोंबड्याच्या मानेवरची पिसं. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकतो, कारण मासा सोडूनच द्यायचा असतो.

परवा हलका वळीव झाला. पाणी नितळच राहिलं. दिवस मावळताना वाळवीची पाखरं उठली आणि डोहाच्या तोंडाशी, जिथं खळाळ संपून पाणी संथ होतं, तिथं पडायला लागली. कुशीवर निळसर पट्टे असलेले वीतभर चंदेरी मासे एकेक पाखरू टिपत होते. माझी फ्लाय त्यांच्या अगदी मधोमध. एक मासा वर आला, फ्लायपासून बोटभर अंतरावर तोंड धरून तिच्याखालून प्रवाहाबरोबर हातभर मागे सरकला, आणि शेपूट फिरवून खाली गेला. लगेच शेजारचं खरं पाखरू गट्टम! असं अकरा वेळा झालं, मोजलंय मी.

पिसाचा रंग बदलला, लहान फ्लाय लावली, तरी तेच. आणि मग अंधार पडताना एक झिजलेली, अर्धी पिसं गळालेली फ्लाय भिजून पाण्याखाली गेली, तिला दोनदा धरलं! तिच्यात पाखरासारखं काहीच उरलं नव्हतं. म्हणजे मासा नेमकं बघतो तरी काय? रूप, रंग, की हालचाल? दोन रात्री हाच विचार चाललाय. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, तुमची फ्लाय चांगलीच आहे. मासा जवळ आला म्हणजे आकार त्याला पटला. बिघडलं ते शेवटच्या हातभरात.

पाण्यातून माशाला वरचं जग फक्त डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. एक फूट खोल असलेल्या माशाची खिडकी साधारण सव्वादोन फूट रुंद असते. तिच्याबाहेर पाण्याची पाठ आरशासारखी, तिच्यात तळच दिसतो. पाखरू लांब असताना माशाला फक्त पाखराच्या पायांनी त्या आरशाला पडलेले बारीक खळगे दिसतात. कोंबड्याची ताठ पिसं तेच खळगे पाडतात, म्हणून तो वर येतो. पण पाखरू पाण्याच्याच वेगानं वाहतं. तुमची दोरी मधल्या जोरकस धारेत पडली की ती फ्लायला ओढते, आणि फ्लाय पाण्यावर बारीक रेघ मारत जाते. तुम्हाला ती काठावरून दिसत नसेल, त्याला खालून दिसते.

बुडालेल्या फ्लायला ना खळगे, ना रेघ. पाण्याखाली ओढ लागली तरी ती पोहणाऱ्या अळीसारखी वाटते, म्हणून झिजकी चालली. रंगाच्या मागे लागू नका. आधी आकारमान आणि वाहणं, रंग त्यानंतर. दोरी ताणून टाकू नका, वळणं पडू द्या. ती सरळ होईपर्यंत फ्लाय मोकळी वाहते.

धागाकर्ता

खूप आभार! आज त्याच जागी गेलो. फ्लाय टाकली की रॉडचं टोक थोडं मागे घ्यायचो, दोरी सापासारखी नागमोडी पडायची. पहिल्याच फेरीला मासा वर आला, थांबला नाही, थेट गिळली. ओल्या हातात धरून निळे पट्टे जवळून बघितले आणि सोडला. एकूण चार लागले.

आता एकच अडचण. पलीकडच्या उंबराखाली मोठे मासे येतात, तिथं पोचायला पूर्ण धार ओलांडावी लागते आणि वळणं दोन सेकंदांत सरळ होतात. दोरी पाण्यावर पडल्यावर तिला उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकायची म्हणतात, पण मी तसं केलं की फ्लायही उडी मारते. फक्त मधलीच दोरी कशी उचलायची, कोणी सांगाल का?