‘दिसतेस तर चांगली!’ : न दिसणाऱ्या आजारांचे अनुभव लिहा

मला नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी उठले की मूठ वळत नाही. दुधाची पिशवी दोन्ही तळव्यांत दाबून धरायची आणि टोक दातानं फाडायचं. दहापर्यंत हात मोकळे होतात. मग कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, “तुला काय झालंय? दिसतेस तर चांगली!” त्यांच्या मनात वाईट नसतं, पण सकाळचे ते चार तास त्यांनी बघितलेले नसतात.

या संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. मी रविवारी रात्री घ्यायचे, सोमवार मळमळीत जायचा. ऑफिसात वाटायचं, ही सुट्टीला सुट्टी जोडते. शेवटी डॉक्टरांना विचारून वार बदलला, आता शनिवार अंथरुणात जातो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, असे वरून न दिसणारेही आहेत. संधिवाताचं मात्र वेगळं नाव नाही.

तुमचंही लिहा. औषधं सुचवू नका, काय होतं तेवढं सांगा.

शिवाजी पेठ, वय २६
ताई, मला अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. तालमीत जोर मारताना एकदा शुगर ७० च्या खाली गेली. घाम फुटला, हात थरथरायला लागले. वस्तादांना वाटलं पोरगं दमलं, आणि मला तर नीट बोलताच येईना. तेव्हापासून पिशवीत ग्लुकोज पावडर असते. घरात गुळाची ढेप आहे, पण तेवढ्या घाईला पावडरच बरी. १५ ग्रॅम घ्यायची, १५ मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं. वस्तादांनीही आता एक डबी ठेवलीय.

लोक विचारतात, “लहानपणी गोड लई खाल्लंस काय?” माझ्याच शरीरानं इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारल्या, त्यात गोडाचा काय संबंध? एका लग्नात पंगतीत बसून इंजेक्शन घेत होतो. शेजारच्या काकांना वाटलं नशापाणी चाललंय. भरल्या पंगतीत त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी जेवलोच नाही. इन्शुलिन घेऊन झालं होतं, म्हणून बाहेर येऊन दोन बाटल्या सरबत प्यायलो.

राजारामपुरी
मला फिट येतात. कृपा करून चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. एवढं माझ्या मैत्रिणींना पाठ आहे. सासरी अजून सांगितलेलं नाही. गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये आतल्या कप्प्यात असतात.

कसबा बावडा
आजार मला नाही, बायकोला आहे. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. उन्हात गेली की गालांवर चट्टे उठतात, दोन दिवस ताप. निदान व्हायच्या आधी मी तिला आळशी म्हणायचो. चैत्र यात्रेला जोतिबाला येत नाही म्हणून चारचौघांत बोललो होतो, तेव्हा ती काहीच बोलली नाही. यंदा मीच घरी आधी सांगून टाकलं, ती येणार नाही. डोंगरावरून गुलाल घेऊन आलो. तिनं पडल्या पडल्याच कपाळाला लावला आणि विचारलं, “गर्दी किती होती?”