'सुआन' म्हणजे आंबट?

चिनी औषधोपचारावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. हाताशी इंग्रजी प्रत आहे आणि शेजारी चिनी मूळ, पण चिनी मला जेमतेम येतं. तीन ठिकाणी गाडी अडलीये. एक, उकळलेल्या औषधाला 'काढा' म्हणू की 'क्वाथ'? दोन, ॲक्युपंक्चरला 'सूचिवेध' चालेल का? तीन, सुई नीट लागली की रुग्णाला जे जाणवतं त्याचे चार शब्द दिलेत: सुआन, मा, जांग, जोंग. शब्दकोशात सुआन म्हणजे चक्क 'आंबट'. सुई टोचून आंबट कसं लागेल?

•

काढाच लिहा. तो 'काढणे'वरून आलेला नाही. क्वथ् म्हणजे उकळणे, त्यातून कढणे, कढ, कढी आणि काढा. क्वाथ हा त्याच घरातला सोवळ्यातला भाऊ.

पण आपली कृती त्यात घुसडू नका. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर सांगतो, सोळापट पाणी घालून मातीच्या भांड्यात अष्टमांश उरेपर्यंत आटवा. चिनी रीतीत भांडं मातीचंच, पण औषध आधी अर्धा तास भिजवतात. मग मोठ्या आचेवर उकळी, नंतर मंद आच. गाळलं की तोच चोथा पुन्हा पाणी घालून उकळायचा आणि दोन्ही वेळचं गाळलेलं पाणी एकत्र करून दिवसातून दोनदा घ्यायचं. मोठ्या आचेला ते 'वू' म्हणजे लढवय्यी आच म्हणतात, मंद आचेला 'वन', म्हणजे लिहिण्यावाचण्यातली! शिंपले, खनिजं आधी जातात, पुदिना शेवटच्या पाचेक मिनिटांत. आपण चहात आलं आधी आणि गवती चहा मागाहून टाकतो, तसंच.

•

वरच्यात भर. जुन्या काढ्यांच्या नावात शेवटी 'थांग' येतं, आजच्या चिनीत त्याचा अर्थ सूप. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या जांग जोंगजिंग या वैद्याचा 'ग्वेझ थांग' घ्या: दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं. 7 मापं पाणी मंद आचेवर 3 मापांवर आणायचं. तो प्यायल्यावर वरून गरम पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन हलका घाम येऊ द्यायचा. इथे पेजेला कृपया 'लापशी' करू नका.

•

सूचिवेध नको. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तो शब्द इंजेक्शनला वापरतात, आणि या सुईतून तर काहीच आत सोडत नाहीत, ती भरीव असते. महाराष्ट्राच्या 2015च्या कायद्यातही ॲक्युपंक्चरच आहे, तेच ठेवा.

मूळ चिनी शब्द मात्र जोडशब्द आहे: झन म्हणजे सुई, च्यू म्हणजे वनस्पतीचा बोळा पेटवून दिलेली ऊब. टेन राइन या डच वैद्याने 1683 साली लॅटिनवरून युरोपसाठी जो शब्द घडवला त्यात फक्त सुई आली, ऊब राहून गेली. च्यूला मी 'डागणे' म्हणणार नाही. तसंही करत असत, पण आता बहुधा बोळा त्वचेपासून लांबच धरतात. 'शेक' बरा. आणि त्या बोळ्यातली वनस्पती जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली.

•

सुआनवर माझा अनुभव. गुडघ्यासाठी सुया घेत होते. गुडघ्याखाली चार बोटांवर सुई गेल्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "गड उतरून आल्यावर पोटऱ्या आंबतात तसं." म्हणजे चिनी माणसाचेही पाय आंबतातच! अंग आंबणे हा वाक्प्रयोग आपल्याकडे आयता आहे, 'दुखरं' कशाला?

'मा'लाही दूर जायला नको. सेच्वानच्या मिऱ्याने जीभ चुणचुणते, त्यालाही तोच शब्द. कोकण-गोव्यातलं तिरफळ त्याच्याच जातकुळीतलं. तेव्हा मा म्हणजे मुंग्या, चुणचुण. जांग म्हणजे तट्ट भरल्यासारखं, जोंग म्हणजे जड.

•

माहितीपत्रकात ॲक्युपंक्चरच्या उपयोगांची यादी लांबलचक असेल तर जपून. जुनाट दुखणी आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, यांच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. बाकीच्यांना 'बरे होते' लिहू नका.

वनस्पतींची नावं तर डोळ्यांत तेल घालून. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत 'फांगची' नावाची वनस्पती घालायची होती, त्याऐवजी त्याच नावाने चालणारी दुसरी, अरिस्टोलोकिया गेली. कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपल्याकडेही ब्राह्मी म्हटलं की कुणी एक झाड देतो, कुणी दुसरंच.

•

'आंबणे' लिहून टाकलं, दादांनो-तायांनो! वनस्पतींपुढे शास्त्रीय नावं देवनागरीत घालतेय. एकच राहिलं: पुदिना मागाहून टाकण्याला आयुर्वेदातल्यासारखं 'प्रक्षेप' म्हणू का?

•

नको. प्रक्षेप काढा तयार झाल्यावर घालतात, इथे पुदिना चुलीवर असतानाच पडतो. 'मागाहून घालणे' पुरे.