दोन्हीकडे आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, मग लॅपटॉपवर रेंडरला जवळजवळ तिप्पट वेळ का? (तातडीची मदत हवी आहे)

गुजरीतला_थ्रीडी
मंडळी, परवा सकाळी काम द्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय. मी सराफांसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दागिन्यांची कामं करतो. सध्या कोल्हापुरी साज चालू आहे, २१ पदकं, माणिक-पाचू, मधे सगळे मणी. गोल फिरणारा व्हिडिओ, १८० फ्रेम. राजारामपुरीत मित्राच्या स्टुडिओत डेस्कटॉपवर एक फ्रेम ४ मिनिटांत रेंडर होते, म्हणजे तिचं तयार चित्र बनतं. तीच फाईल माझ्या नव्या लॅपटॉपवर ११ मिनिटं घेते. दोन्हीकडे ४०७०. दुकानदार म्हणतो, सगळे लॅपटॉप असेच असतात. हप्ते अजून १८ महिने आहेत. कार्ड खराब आहे का? बदलून मागू का?

पॅटर्नशॉप
लॅपटॉप कुठला, किती वॅटचा, रॅम किती, ब्लेंडर कुठलं, काहीच लिहिलेलं नाही. कसं सांगणार?

बावड्याचा_गेमर
भावा माझ्याकडं ४०६० चा लॅपटॉप हाय, सगळ्या गेम हाय सेटिंगवर मस्त पळतात. फ्रेम जनरेशन चालू कर, फरक कळंल.

पॅटर्नशॉप
ते रेंडरबद्दल विचारतायत, गेमबद्दल नाही. फ्रेम जनरेशन गेमसाठी असतं, त्याचा सायकल्सशी (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनशी) काही संबंध नाही.

गुजरीतला_थ्रीडी
१६ इंची गेमिंग लॅपटॉप, आय७ तेराव्या पिढीचा, रॅम १६. ब्लेंडर ४.२. वॅट कुठे लिहिलेले असतात?

रंकाळ्याकाठी
नाव एक असलं तरी आत चिप वेगळी आहे, इथूनच सुरुवात करा. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०४ चिप, ५८८८ कुडा कोअर (कार्डातले हिशेब करणारे भाग), १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०६, ४६०८ कोअर, ८ जीबी, आणि वॅट ३५ पासून ११५ पर्यंत, लॅपटॉप बनवणाऱ्याने जेवढे ठेवले तेवढे. कार्ड खराब नाही, दुकानात खोक्यावर जे नाव वाचलंत ते अर्धंच होतं. नियम सोपा आहे, लॅपटॉपचं कार्ड डेस्कटॉपच्या निम्मं धरायचं.

पॅटर्नशॉप
हा नियम मला मान्य नाही. ४०६० बघा. डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीत तीच एडी१०७, ३०७२ कोअर, ८ जीबी. डेस्कटॉप ११५ वॅटचं, आणि पूर्ण वॅट दिलेला लॅपटॉपही ११५ चा. तिथे फरक थोडाच पडतो. उलट ४०९० मध्ये डेस्कटॉपला १६३८४ कोअर, २४ जीबी, ४५० वॅट, तर लॅपटॉपला ९७२८ कोअर, १६ जीबी, जास्तीत जास्त १५० वॅट. म्हणजे जेवढं वरचं कार्ड, तेवढी दरी मोठी. सरसकट निम्मं म्हणून लोकांना घाबरवू नका.

रंकाळ्याकाठी
घाबरवत नाही. कोअर मोजून घेतलेला लॅपटॉप मी स्वतः भोगलाय. ३०६० घेताना लॅपटॉपमध्ये ३८४० आणि डेस्कटॉपमध्ये ३५८४ कोअर वाचले आणि लॅपटॉप सरस समजलो. मेमरी बघितलीच नाही, लॅपटॉपला ६ जीबी, डेस्कटॉपला १२. मोठा सीन आला की तिथेच अडायचं.

पॅटर्नशॉप
म्हणजे मीच म्हणतोय ते. प्रत्येक कार्डाचं वेगळं बघायला लागतं.

हुपरीकर_ताई
भाऊ, चार्जर कुठला लावताय? सोबत आलेला मोठा, की टाइप-सीचा छोटा?

गुजरीतला_थ्रीडी
टाइप-सीचा १०० वॅटचा. हुपरीला चांदीवाल्यांकडे रोज जावं लागतं, मोठी वीट कोण वाहणार? पण चार्जिंग तर व्यवस्थित होतं.

हुपरीकर_ताई
चार्जिंग होतं म्हणजे पुरतं असं नव्हे. त्या १०० वॅटमध्ये प्रोसेसर, स्क्रीन, पंखे, सगळंच आलं. लॅपटॉप मग ग्राफिक्स कार्डाचे वॅट दाबून ठेवतो. मोठा चार्जर लावा, पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा. रेंडर चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) चालवा, त्यात चालू वॅट दिसतील. आधी आत्ताचे वॅट लिहून ठेवा.

बावड्याचा_गेमर
लॅपटॉपच्या खाली कूलिंग पॅड लाव.

उद्यमनगरी
मी तर म्हणतो लॅपटॉप विकाच. आमच्या फाउंड्रीच्या कॅडच्या कामाला डेस्कटॉपच बरा. यूपीएस घ्या, लाइट गेली तरी वीस मिनिटं मिळतात.

गुजरीतला_थ्रीडी
दादा, हप्ते चालू असताना कसा विकू? आणि गिऱ्हाइकाच्या समोर पदक फिरवून दाखवायचं असतं, डेस्कटॉप तिथे कसा नेणार?
ताई, छोट्या चार्जरवर ४३ वॅट दाखवले! मोठा घरी मंगळवार पेठेत आहे, संध्याकाळी बघून सांगतो.

रंकाळ्याकाठी
तोवर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीम बघा. ऑप्टिक्स निवडलंय का, की कुडा? (रेंडरला कार्ड वापरायच्या या दोन पद्धती.) आणि प्रोसेसरच्या चौकोनात टिक असेल तर काढा. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच थंडाव्यावर जगतात, एक तापला की दुसऱ्याचा वाटा कमी होतो. डेस्कटॉपवर हे एवढं जाणवत नाही.

तिखटमीठ
जरा वेगळं विचारते. असल्या साजाच्या थ्रीडीचे किती घेता? माझ्या बहिणीच्या लग्नासाठी ठुशी करायची आहे.

पॅटर्नशॉप
ताई, त्याचा वेगळा धागा काढा ना.
थ्रीडीवाले, मेमरी भरतेय का तेही बघा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूची (म्हणजे ग्राफिक्स कार्डाची) शेअर्ड मेमरी वाढताना दिसली तर ८ जीबी संपली आहे. सायकल्स अशा वेळी साध्या रॅमचा आधार घेतो, रेंडर होतं पण रडत रडत. तुमच्याकडे रॅमही १६ च. मणी शिफ्ट-डीने कॉपी केलेत का?

गुजरीतला_थ्रीडी
हो, सगळे शिफ्ट-डीने. का?

पॅटर्नशॉप
त्याने प्रत्येक मण्याची जाळी (म्हणजे थ्रीडी आकार) मेमरीत वेगळी बसते. ऑल्ट-डीने केले तर सगळे एकच जाळी वापरतात. आता नव्याने करायला नको, सगळे मणी निवडा, मूळ मणी शेवटी निवडा आणि कंट्रोल-एलमधून ऑब्जेक्ट डेटा लिंक करा. सारखे मणीच घ्या, पदकं नकोत, ती सगळी वेगळी असतात.

गुजरीतला_थ्रीडी
मोठा चार्जर लावला, परफॉर्मन्स मोड, प्रोसेसरची टिक काढली, ऑप्टिक्स आधीपासूनच होतं. ११२ वॅट येतायत! मणीही लिंक केले. फ्रेम ७ मिनिटांवर आली. मंडळी, खरंच मनापासून आभार. पण ४ का होत नाही?

रंकाळ्याकाठी
कारण ती वेगळी चिप आहे, पहिल्याच उत्तरात लिहिलंय. आता जे राहिलं ते कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, मात्र पुढच्या वेळी वॅट आणि मेमरी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

उद्यमनगरी
म्हणूनच म्हणतोय, डेस्कटॉप.

हुपरीकर_ताई
भाऊ, १८० फ्रेम गुणिले ७ मिनिटं म्हणजे २१ तास. मित्राचं मशीन रात्री मिळेल का? थेट व्हिडिओ नको, प्रत्येक फ्रेमचं सुटं पीएनजी चित्र काढा आणि फ्रेम दोन मशीनांत वाटून घ्या. डेस्कटॉपवर १ ते ११५, लॅपटॉपवर ११६ ते १८०. दोन्हीकडे पावणेआठ तासांच्या आत संपेल. दोन्ही ठिकाणी ब्लेंडरची आवृत्ती मात्र एकच ठेवा, नाहीतर जोडताना पाचूचा रंग बदललेला दिसेल.

गुजरीतला_थ्रीडी
स्टुडिओ रात्री १० ते सकाळी ६ रिकामा असतो, मित्राला आत्ताच फोन केला, हो म्हणाला. त्याच्याकडे ब्लेंडर ३.६ होतं, ४.२ टाकायला सांगितलंय. निघतो राजारामपुरीला, मोठी वीट पिशवीत घेतली आहे.